खरकट्यापासून बायो-ऑइल: बादलीपासून जीसी-एमएसच्या आलेखापर्यंत

सांगली-मिरजेतल्या कुठल्याही होस्टेलच्या मेसमधली रात्री साडेनऊची बादली बघा. वर भाकरीचे तुकडे, मधे आमटीत भिजलेला भात, कडेनं रश्श्याचा लाल तवंग आणि तळाशी लोणच्याच्या फोडी. हा माल वाळवून, ऑक्सिजन न लागू देता ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की वाफा निघतात. त्या थंड केल्या की काळपट तपकिरी, धुरकट वासाचं तेल मिळतं. या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात आणि त्या तेलाला बायो-ऑइल.

या तेलात पुढं काय सापडणार, हे भट्टीपेक्षा ती बादलीच जास्त ठरवते. भातातला स्टार्च, डाळीतलं प्रथिन, शेंगदाण्याचं तेल, मीठ, चुकून पडलेला प्लॅस्टिकचा चमचा, या प्रत्येकाची खूण शेवटच्या आलेखावर उमटते. हा आलेख जीसी-एमएस या यंत्राचा: ते तेलातले पदार्थ वेगळे करून त्यांच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून ओळखतं. म्हणून पहिलं साधन म्हणजे एक वही आणि एक वजनकाटा.

ही कृती कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी आहे. धूर ओढणारं फ्यूम हूड, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि सोबत दुसरा माणूस, या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी सुरुवात करू नका. घरी, गच्चीवर किंवा प्रेशर कुकर वापरून हे करायचं नाही. आणि नुसतं ओलं खरकटं जिरवायचं असेल, तर गोबरगॅससारखा बायोगॅस प्लँट कितीतरी स्वस्त पडतो.

ते का, हे एका हिशोबात कळतं. १० किलो खरकट्यात ७५ टक्के पाणी धरा. कोरडा माल अडीच किलो. ओलावा १० टक्क्यांवर आणला की वजन २.७८ किलो उरतं, म्हणजे ७.२ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाणी २५ अंशांवरून तापवून वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे १८ ते १९ मेगाज्यूल नुसते वाळवण्यात गेले. वाळल्या मालाचं २० टक्के खरं तेल निघालं आणि त्याची उष्णता किलोला २६ मेगाज्यूल धरली, तर हातात १४-१५ मेगाज्यूल येतात. विजेच्या ओव्हनमध्ये वाळवलं तर तोटाच. उन्हात वाळवलं तरच हिशोब जमतो.

पाणी न उडवता थेट ओल्या मालाचं तेल करायची पद्धतही आहे, तिला हायड्रोथर्मल लिक्विफॅक्शन म्हणतात. पण बंद भांड्यात ३०० अंशांना पाण्याच्या वाफेचाच दाब ८६ बार होतो. शिवाय पाणी फुगतं: तेव्हा एका लिटरमध्ये जेमतेम ७१० ग्रॅम पाणी मावतं. भांडं पाऊण भरलं असेल तर वाफेला जागाच उरत नाही आणि दाब एकदम उसळतो. हे काम प्रमाणित, सेफ्टी डिस्क असलेल्या ऑटोक्लेव्हमध्येच (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) आणि निम्म्यापर्यंतच भरून करायचं. वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेल्या भांड्यात कधीही नाही.

माल गोळा करणं आणि वाळवणं

बादली त्याच दिवशीची हवी. रात्रभर ठेवली की माल आंबतो, ॲसेटिक आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि पुढं तेलाची आम्लता मोजताना ती पायरोलिसिसमुळं आली की आंबण्यामुळं, हे सांगता येत नाही. माल ताटावर पसरा आणि वेगवेगळं तोला: भात-भाकरी-चपाती, डाळ-उसळ, भाजी आणि साली, मांस-हाडं, गोड पदार्थ. हाडं काढून टाका, त्यांतून तेल फारसं मिळत नाही आणि राख वाढते. मंगल कार्यालयातला माल असेल तर दुप्पट वेळ द्या. पातळ प्लॅस्टिकचा थर दिलेले द्रोण, पाण्याचे पाऊच, थर्माकोलचे तुकडे भातात दडलेले असतात.

रश्श्याचा कट जास्त असेल तर माल गरम पाण्यात टाकून वरचं तेल काढून घ्या. ते बायोडिझेलला जास्त उपयोगी आहे, पायरोलिसिसमध्ये घालून त्याचं नुकसान करू नये. अभ्यासच मिश्र मालाचा असेल तर राहू द्या, पण प्रमाण वहीत हवं.

आता मीठ. लोणचं, पापड, आमटी यांतलं मीठ दोन ठिकाणी त्रास देतं. तापल्यावर क्लोराइडमुळं स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि सोडियम-पोटॅशियम स्टार्चचं तुटणं वेगळ्याच वाटेनं नेतात, तेल कमी होऊन कोळसा, पाणी आणि वायू वाढतात. १ किलो ओल्या मालाला २ लिटर थंड पाणी घालून १० मिनिटं ढवळा, मलमलच्या फडक्यातून पिळा आणि पुन्हा एकदा तसंच करा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या. त्याचे चार थेंब परीक्षानळीत घेऊन नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दह्यासारखा पांढरा साका आला तर मीठ अजून आहे, नुसती फिकट धूसर झाक आली तर पुरे. नळाच्या पाण्यात मुळातच क्लोराइड असतं, म्हणून ही चाचणी नळाच्या पाण्यावर करू नका. धुण्यात साखर आणि थोडा स्टार्चही वाहून जातो. ते नुकसान कोरड्या वजनाच्या फरकातून काढून लिहून ठेवा.

वाळवायला तासगावची बेदाण्याची रॅक डोळ्यांसमोर आणा: एकावर एक जाळ्या, खालून-वरून वारा. नायलॉनच्या जाळीवर दीड-दोन सेंटिमीटरचा थर पसरा, वर माश्यांसाठी दुसरी जाळी, आणि दिवसातून तीनदा हलवा. एप्रिलच्या उन्हात सांगलीला दोन-तीन दिवसांत माल कडक होतो. महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला जून ते सप्टेंबर हे जमणारच नाही. तिथं ६०-७० अंशांचा ट्रे ड्रायर लागतो. त्याहून जास्त तापवू नका, साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळून माल तांबूस होतो आणि तेलातले नायट्रोजनचे पदार्थ बदलतात. भाताची गोळी बाहेरून कडक आणि आत ओली राहते, म्हणून पहिल्या दिवशीच हातानं मोकळी करा. बुरशी धरलेला माल फेका.

वाळलेला माल मिक्सरमध्ये फिरवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. अगदी पीठ करू नका, ते भट्टीतली हवा हाकलायला सोडलेल्या नायट्रोजनबरोबर उडून तेलात काळे कण म्हणून येतं. मग १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत ठेवून ओलावा काढा, १० टक्क्यांच्या आत हवा. मफल भट्टीत ५५० अंशांना राख काढा. सीएचएनएस तपासणीसाठी (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, सल्फरचं प्रमाण) २ ग्रॅम माल वेगळा बाटलीत ठेवा. हा नमुना घ्यायचा विसरला तर पुढची तुलना कशाशी करणार?

भट्टी

३०० ग्रॅमच्या घाण्याला (एका वेळी भट्टीत घालायच्या मालाला) आतून ८० मिलिमीटर व्यास आणि ३०० मिलिमीटर लांबीची एसएस ३१६ ची नळी घ्या, घनफळ दीड लिटर. एसएस ३०४ स्वस्त मिळतं, पण क्लोराइडपुढं ते लवकर हार मानतं. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतलं कुठलंही चांगलं वर्कशॉप तळाची प्लेट आर्गॉन वेल्डिंगनं लावून, वर फ्लँज टर्न करून देईल. गॅस्केट ग्राफाइटचं हवं. रबर वितळतं आणि टेफ्लॉन या तापमानाला विषारी वायू सोडतं.

झाकणाला तीन वाटा: तळापर्यंत जाणारी नायट्रोजनची नळी, मालाच्या मध्यभागी टेकणारं के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि वाफेची १२ मिलिमीटरची नळी. दुसरं थर्मोकपल बाहेरच्या भिंतीला, तापमान राखणाऱ्या पीआयडी कंट्रोलरला जोडलेलं. वाफेच्या नळीवर कुठंही व्हॉल्व्ह बसवू नका. ती नळी आखूड ठेवा आणि हीटिंग टेप गुंडाळून २५० ते ३०० अंशांवर राखा, नाहीतर डांबर वाटेतच जमून नळी बंद होते.

थंड करायला दोन टप्पे. पहिला कंडेन्सर सरळ नळीचा, साध्या नळाच्या पाण्यावर. नागमोडी कॉइल दिसायला छान, पण चोंदते. दुसरी बाटली बर्फ आणि मीठ ३ ला १ या प्रमाणात मिसळून त्यात बुडवलेली. तिच्यापुढं तोललेल्या काचलोकरीची नळी, कारण तेलाचं धुकं दोन्ही कंडेन्सरमधून तसंच निसटतं. मग एक रिकामी बाटली, मग पाण्याची बाटली, आणि वायू थेट हूडमध्ये. रिकामी बाटली वगळू नका: भट्टी थंड होताना पाणी मागं ओढलं गेलं तर ते तिथं अडतं, नाहीतर तापल्या कोळशावर जाऊन वाफेचा स्फोट होतो.

झाकण आणि कंडेन्सरच्या मधे, बाजूच्या फाट्यावर, दाब दाखवणारी पाण्याची यू आकाराची नळी लावा. पाण्याच्या दोन पातळ्यांत १५ सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की पुढं कुठंतरी वाट चोंदली आहे. ताबडतोब हीटर बंद.

चालवायचं कसं

सगळ्या रिकाम्या बाटल्या, काचलोकर, नळ्या तोलून घ्या. ३०० ग्रॅम माल भरा, दाबू नका. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. मिनिटाला १ लिटर नायट्रोजन १५ मिनिटं सोडा. भट्टीतली हवा दहा वेळा बदलते. मग प्रवाह अर्ध्या लिटरवर आणून मिनिटाला १० अंश या वेगानं ५०० अंशांपर्यंत चढवा.

१०० ते १५० अंशांना बाटलीत नितळ पाणी येतं. २५० च्या आसपास पिवळट पांढरा धूर सुरू होतो, २८० ते ३३० मध्ये स्टार्च तुटतो आणि धूर दाट होतो. ३५० ते ४५० मध्ये स्निग्ध पदार्थ येतात. ४५० नंतर धूर विरळ होतो. नेहमी होणारी चूक इथली: भिंतीचं थर्मोकपल ५०० दाखवतं, तेव्हा मालाचा मध्य ७०-८० अंशांनी मागं असू शकतो. अर्ध्या तासाचं घड्याळ मालाच्या तापमानावरून लावा, भिंतीच्या नाही.

हीटर बंद केल्यावरही माल १०० अंशांखाली येईपर्यंत नायट्रोजन चालू ठेवा. २०० अंशांना झाकण उघडलं तर कोळसा हवा लागताच पेटतो, आणि त्याचं वजन गेलं म्हणजे सगळा ताळेबंद गेला.

मग पुन्हा सगळं तोला. समजा कोळसा ९६ ग्रॅम, द्रव १२९ ग्रॅम. तर ३२ आणि ४३ टक्के, आणि उरलेले २५ टक्के वायू, फरकानं काढलेला. हा फरक गळतीही पोटात घेतो. तीन घाण्यांत कोळशाचा आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळतो पण द्रवाचा जुळत नाही, तर दोष मालात नाही, जोडांत किंवा थंड करण्यात आहे. आणि ४३ टक्के तेल निघालं असं लिहू नका. त्या द्रवात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं.

पहिल्या कंडेन्सरच्या खालच्या टोकाला पांढरट मेणासारखा थर दिसला तर घाबरू नका. ते बहुधा पामिटिक आम्ल आहे, ६३ अंशांना वितळतं. पहिल्या टप्प्याचं पाणी ६५-७० अंशांचं ठेवलं की थर धरत नाही. साफ करायचं ते सगळं थंड झाल्यावर, ॲसिटोननं. कोळसा एकमेकांना चिकटून खापरी झाला असेल तर मीठ राहिलं आहे किंवा साखरेचा माल जास्त होता. जिलेबीच्या पाकानं असं हमखास होतं.

तेल वेगळं करणं

द्रव रात्रभर ४ अंशांना ठेवला की वर-खाली थर पडतात. स्निग्ध माल जास्त असेल तर तेल वर येतं, स्टार्चचा माल असेल तर जड डांबर खाली बसतं, म्हणून कुठला थर तेलाचा हे पाण्याचा थेंब टाकून बघा. मधे साय धरली तर मीठ घालून फोडू नका. ४,००० आरपीएमला १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. पाण्याच्या थरात राहिलेलं तेल डायक्लोरोमिथेननं तीनदा काढा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा आणि ४० अंशांना रोटरी इव्हॅपोरेटरवर सॉल्व्हंट उडवा. यात हलके पदार्थ थोडे जातातच. लेव्होग्लुकोसानसारखी साखर मात्र डायक्लोरोमिथेनमध्ये येत नाही, पाण्यातच राहते. ती बघायची तर पाण्याचा थर एचपीएलसीला द्या, हे यंत्र द्रवात विरघळलेले पदार्थ वेगळे करून मोजतं.

तेल गडद तपकिरी काचेच्या बाटलीत, काठोकाठ, ४ अंशांना. ठेवलेलं तेल स्वतःशीच जुळत जातं, अल्डिहाइड आणि फिनॉल मिळून घट्ट होतं. ते किती टिकेल हे पाहायला बंद बाटलीत ८० अंशांना २४ तास ठेवून आधीची आणि नंतरची चिकटता मोजतात. तपासणी आठवड्याच्या आत उरका.

रासायनिक तपासणी

आधी स्वस्त चाचण्या करा. पाण्याचं प्रमाण कार्ल फिशर पद्धतीनं, म्हणजे फक्त पाण्याशी क्रिया करणाऱ्या आयोडीनच्या रिएजंटनं टायट्रेशन करून. साधं मिथेनॉलचं रिएजंट तेलातल्या कीटोन-अल्डिहाइडशी क्रिया करून स्वतःच पाणी तयार करतं आणि आकडा वाढत जातो. टायट्रेशनचा शेवट सरकत राहिला तर हेच कारण. कीटोनसाठीचं वेगळं रिएजंट मागवा.

आम्लता पोटेंशिओमेट्रीनं (इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजवरून) मोजा. तेल काळं असल्यानं रंग बदललेला दिसत नाही. इथं एक गणित हाताशी ठेवा. १ टक्का ॲसेटिक आम्ल असेल तर ग्रॅमला ९.३ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, १ टक्का पामिटिक आम्लाला फक्त २.२. आकडा मोठा आणि तेल हलकं असेल तर मूळ भातात शोधा, मेणचट असेल तर रश्श्यात.

सीएचएनएसमध्ये कार्बन ६०, हायड्रोजन ७.८, नायट्रोजन ६ आणि फरकानं ऑक्सिजन २६ टक्के आले असं धरा. ड्यूलाँगच्या सूत्रानं उष्णता = ०.३३८ × ६० + १.४२८ × (७.८ − २६ ÷ ८) = २६.८ मेगाज्यूल प्रतिकिलो. बॉम्ब कॅलरीमीटरचा (तेल जाळून उष्णता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा याच्या फार खाली आला तर नमुन्यात पाणी आहे. नायट्रोजन ६ टक्के म्हणजे डाळ आणि मांसाचा माल भरपूर. असं तेल जाळलं तर नायट्रोजनचे ऑक्साइड निघणार, हे अहवालात लिहिलंच पाहिजे.

एफटीआयआर म्हणजे अवरक्त किरण कुठं शोषले जातात ते बघणं, आकडे प्रतिसेंटिमीटरमध्ये. त्यात ३२०० ते ३६०० ला ओ-एच, २८५० ते २९६० ला स्निग्ध साखळीचे सी-एच, १७०० ते १७४० ला कार्बोनिल, १६५० जवळ अमाइड, २२०० ते २२६० ला नायट्राइल. तेल ओलं असेल तर पाण्याचा पट्टा सगळं झाकतो. आणि एफटीआयआर गट सांगतं, पदार्थाचं नाव नाही.

नाव सांगतं जीसी-एमएस. कॉलेजात नसेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आणि पवईला आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात बाहेरचे नमुने तपासून मिळतात. पद्धत आपण लिहून द्या, त्यांच्यावर सोडू नका: ५ टक्के फिनाइल कॉलम, ३० मीटर × ०.२५ मिलिमीटर × ०.२५ मायक्रॉन, हेलियम मिनिटाला १ मिलिलिटर, इंजेक्टर २८० अंश, स्प्लिट १ ला २०, ओव्हन ४० अंशांना ४ मिनिटं, मग मिनिटाला ५ अंशांनी २९० पर्यंत, तिथं १० मिनिटं, एकूण ६४ मिनिटं. वस्तुमानाची कक्षा ३५ ते ५००, आयनीकरण ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. नमुना ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन फिल्टरमधून गाळून काचेच्या व्हायलमध्येच द्या.

आता वही उघडा आणि आलेखाशेजारी ठेवा. पुढचे आकडे तुकड्यांच्या वस्तुमानाचे (एम/झेड) आहेत. भात-भाकरीतून फरफ्युरल येतं, त्याचे तुकडे ९६ आणि ९५ ला. हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युरल १२६ आणि ९७ ला. भाजीची देठं आणि सालींतल्या लिग्निनमधून ग्वायकॉल, १२४ आणि १०९. डाळीतून इंडोल, ११७ आणि ९०. मालात प्रथिन आणि तेल दोन्ही असेल तर अमोनिया आणि स्निग्धाम्ल मिळून अमाइड आणि नायट्राइल बनतात. हे दोन्ही पदार्थ मुळात ताटात नव्हते, भट्टीत जुळले. पामिटिक आम्ल २५६ ला, ओलेइक २६४ आणि २८२ ला. आपल्याकडं शेंगदाणा तेल आणि कूट असल्यानं २२ कार्बनचं बेहेनिक आम्लही शोधा, सोयाबीन तेलात ते अगदी थोडं असतं. मसाल्यातल्या लवंगेचं युजेनॉल १६४ ला आणि हळदीतलं एआर-टर्मेरोन २१६, ११९, ८३ ला दिसू शकतं.

खोट्या शिखरांची यादीही पाठ हवी. १४९ म्हणजे थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन), तेल कुठंतरी प्लॅस्टिकच्या बाटलीत गेलं. २०७ आणि २८१ म्हणजे कॉलम स्वतः झिरपतोय. १०४ चं मोठं शिखर म्हणजे स्टायरिन, थर्माकोल निवडताना राहिला. आणि प्रत्येक कार्बन संख्येला तीन-तीन शिखरांचे झुबके एकसारख्या अंतरानं आले तर ते पॉलिथिन आहे. असा घाणा बाद धरा.

यंत्रातल्या माहीत पदार्थांच्या नोंदींशी (लायब्ररीशी) ८० टक्क्यांखाली जुळणारं नाव लिहू नका. शिखराच्या क्षेत्रफळाचे टक्के म्हणजे वजनाचे टक्के नव्हेत, आणि जड डांबर तर कॉलममधून बाहेरच येत नाही. "तेलात ३० टक्के पामिटिक आम्ल आहे" असं म्हणायचं असेल तर शुद्ध पामिटिक आम्लाचे पाच प्रमाणित द्राव आणि फ्लुओरँथीनसारखं अंतर्गत मानक लावून रेषा काढा. स्निग्धाम्लांची शिखरं शेपटी ओढतात, म्हणून बीएसटीएफए (आम्लाला सहज उडणारं रूप देणारं रिएजंट) घालून ७० अंशांना अर्धा तास ठेवून मग टोचा. पण पाण्याचा अंश असेल तर ते रिएजंट पाण्यावरच खर्च होतं.

उरलेलं पाणी आणि कोळसा

पाण्याच्या थरात फिनॉल आणि आम्लं असतात. ते बेसिनमधून गटारात आणि तिथून कृष्णेत जाऊ देऊ नका. बॉयलिंगनं आटवूही नका. लेबल लावून घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये साठवा. डायक्लोरोमिथेनचा कॅन वेगळा.

कोळसा शेतात टाकायचा मोह होतो. आधी १ भाग कोळसा आणि १० भाग डिस्टिल्ड पाणी तासभर हलवून विद्युतवाहकता मोजा. न धुतलेल्या खरकट्याचा कोळसा खारट असतो, आणि मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड जमिनीत तो घालणं म्हणजे आजारावर आजार. आकडा जास्त आला तर कोळसा पुन्हा धुवा, वाळवा आणि वजन वहीत त्याच घाण्याच्या पानावर लिहा.